घरच्या छतावरील वीज : आरंभ कोठून करावा?

वसतिगृहाच्या पालकसभेत अलीकडे एक नवा प्रश्न ऐकू येतो. पूर्वी पालक मुलांच्या प्रकृतीविषयी, गुणांविषयी आणि शिष्यवृत्तीविषयी विचारीत. आता सभा संपल्यावर दोघे-तिघे मागे थांबतात आणि हळूच विचारतात, "सर, घरावर सोलर बसवावं काय?" विज्ञान शिकविणाऱ्या आम्हा शिक्षकांकडून त्यांना 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर हवे असते. आम्हांला मात्र ते एका शब्दात देता येत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे सविस्तर उत्तर येथे मांडीत आहोत.

असे करण्यास एक घटनाही कारण झाली. घाटंजी तालुक्यातील आमच्या एका माजी विद्यार्थ्याने कापसाचे आलेले पैसे आणि थोडी उसनवारी यांतून घरावर तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसविली. त्यांचा हेतू एकच होता : मुलगी दहावीत होती आणि अभ्यासाच्या वेळी वीज जाई. यंत्रणा बसली, बिलही उतरले. परंतु पहिल्याच वादळी संध्याकाळी वीज गेली, तेव्हा शेजाऱ्यांच्या घरांबरोबर त्यांचेही घर अंधारात बुडाले. विक्रेत्याने त्यांना खोटे सांगितले होते असे म्हणता येत नाही. त्याने ही गोष्ट सांगितलीच नव्हती. आणि आमच्या विद्यार्थ्याने विचारली नव्हती, कारण काय विचारावे हेच त्यास ठाऊक नव्हते. आमच्या विद्यालयात दहा वर्षे विज्ञान शिकून गेलेल्या मुलाला हे ठाऊक नसावे, याची खंत आम्हांला अधिक वाटली.

विजेचा विचार आपल्या समाजाला नवा नाही, हेही या ठिकाणी नमूद केले पाहिजे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, तेव्हा पाटबंधारे आणि विद्युतशक्ती हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर पुनर्रचनेच्या धोरण समितीपुढे त्यांनी जे भाषण केले, त्याचा रोख असा होता की, स्वस्त आणि मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्यातून सुटका नाही. पुढील वर्षी, १९४४ मध्ये, केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. बाबासाहेबांच्या कार्याचा हा भाग आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येतो. वीज हा त्यांच्या दृष्टीने चैनीचा विषय नव्हता. ती कोणाच्या हाती असावी आणि गरिबाला कोणत्या भावाने मिळावी, हा प्रश्न त्यांनी त्या काळीच उपस्थित केला होता. आज आपल्याच वणी परिसरातील खाणींतून कोळसा निघतो आणि औष्णिक केंद्रांकडे जातो. त्याच जिल्ह्यातील मुले मात्र अनेक वर्षे चिमणीच्या उजेडात आणि पुढे भारनियमनाच्या वेळापत्रकात अभ्यास करीत आली. आता विजेचे एक लहानसे केंद्र घराच्या छतावर येऊ शकते. ते येताना कर्ज होऊन येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.

प्रथम हिशेब

आरंभ पॅनेलपासून करू नये. विजेच्या बिलापासून करावा. अंगुत्तर निकायात कोलिय देशातील दीघजाणु नावाच्या गृहस्थाला भगवान बुद्धांनी केलेला उपदेश आहे. त्यात गृहस्थाच्या हिताच्या चार गोष्टींपैकी एक 'समजीविता' सांगितली आहे : तराजू धरणारा जसा पारडे कोणीकडे व किती झुकले हे जाणतो, तसे गृहस्थाने आपले उत्पन्न आणि खर्च जाणून राहावे. सौर यंत्रणेचे सारे शास्त्र या एका तराजूत बसते. एका पारड्यात घर दिवसाला किती वीज वापरते ते, दुसऱ्यात छत दिवसाला किती वीज देऊ शकते ते.

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. या मापाने आपल्या जिल्ह्यातील एका साध्या घराचा हिशेब करू. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास चालले, तर १८० वॅट-तास. ७५ वॅटचे दोन जुने पंखे बारा तास चालले, तर १,८०० वॅट-तास. साठ वॅटचा दूरदर्शन संच चार तास, म्हणजे २४०. लहान फ्रिजला दिवसाकाठी सुमारे १,०००. पाण्याची मोटर सुमारे ५०० वॅट घेत अर्धा तास चालली, तर २५०. ही बेरीज ३,४७० होते. म्हणजे रोज साधारण साडेतीन युनिट आणि महिन्याला सुमारे १०५ युनिट. उन्हाळ्यात १८० वॅटचा कूलर रात्रीचे दहा तास चालला, तर महिन्याला आणखी ५४ युनिट वाढतात.

या बेरजेत अर्ध्याहून अधिक वाटा दोन पंख्यांचा आहे, हे पाहून विद्यार्थ्यांना नेहमी आश्चर्य वाटते. घरोघरी रागावले जाते ते दिव्यांवरून. "लाइट बंद कर" हे वाक्य ज्या काळी साठ वॅटचे पिवळे बल्ब होते त्या काळचे आहे. आजचा खरा उधळ्या म्हणजे रिकाम्या खोलीत फिरणारा जुना पंखा. त्याच्या जागी बीएलडीसी प्रकारचा पंखा लावला, तर तीस वॅटच्या आसपास काम भागते. दोन्ही पंखे बदलले की वरच्या घराचा वापर महिन्याला सुमारे ३२ युनिटने उतरून ७२ युनिटच्या जवळ येतो. १०० युनिटच्या आतील वीज व त्यापुढील वीज यांच्या दरांत मोठे अंतर आहे, हे बिलाच्या मागील बाजूस छापलेले असते. म्हणजे पहिली सौरयोजना ही छतावर नसून छताखाली आहे. पाच-सहा हजार रुपयांत जे होते, त्यासाठी लाख रुपये काढू नयेत.

एका वर्षाची बारा बिले समोर ठेवून प्रत्येक महिन्याचे युनिट वहीत लिहावेत. केवळ मे महिन्याचे बिल पाहून यंत्रणा ठरविणारा मनुष्य गरजेपेक्षा मोठी यंत्रणा घेतो आणि केवळ जानेवारीचे पाहणारा लहान.

यवतमाळचा सूर्य

आता दुसरे पारडे. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाश पडला की तिच्यातील इलेक्ट्रॉन मोकळे होतात. चकतीच्या दोन थरांत मुद्दाम वेगवेगळी भेसळ केलेली असल्यामुळे ते एकाच दिशेने ढकलले जातात आणि तारेतून वाहू लागतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली असा उपयुक्त सौरघट प्रथम तयार झाला. त्यात जळणारे, फिरणारे वा झिजणारे काही नाही. म्हणूनच चांगले पॅनेल पंचवीस वर्षे टिकते. पॅनेलला हवा असतो प्रकाश. उष्णता त्याला बाधते. ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. पॅनेलवर लिहिलेली क्षमता घटाचे तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. मे महिन्यात हवेचेच तापमान ४३-४४ अंशांवर जाते, तेव्हा काचेखालील घट ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. दर अंशास सुमारे ०.३५ टक्के या हिशेबाने चाळीस अंशांच्या वाढीला उत्पादन १४ टक्क्यांनी घटते. "ऊन इतके कडक, मग वीज कमी का?" या प्रश्नाचे उत्तर हे आहे. पॅनेल टिनावर चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळता राहील इतके अंतर ठेवावे, हा नियमही यातूनच निघतो.

वर्षभराची सरासरी धरली, तर आपल्याकडे एक किलोवॅटची यंत्रणा दिवसाला सुमारे चार युनिट देते. महिन्याला साधारण १२०. मात्र ही सरासरी आहे. फेब्रुवारी ते एप्रिल हा भरभराटीचा काळ. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि त्याच सुमारास आभाळ भरून येते. त्यानंतरचे दोन-अडीच महिने उत्पादन बरेच उतरते, आणि अश्विन पौर्णिमेच्या आसपास ते पुन्हा सावरते. पावसाळ्यातील एखाद्या दिवसाचे आकडे पाहून यंत्रणा बिघडली असे समजू नये.

जागा किती लागते? एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा धरावी. 'सावलीविरहित' हा शब्द या साऱ्या लेखातील सर्वांत खर्चिक शब्द आहे. पॅनेल एकामागून एक जोडलेली असतात. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीची सावली पडली, तर पाइपात बोळा बसावा तशी त्या संपूर्ण ओळीची वीज अडते. सावली मोजण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. यवतमाळ साधारण २०.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्याच्या आरंभी आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. उरलेल्या दहा महिन्यांत तो दक्षिणेला असतो. म्हणून पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि त्याचा उतार सुमारे वीस अंश ठेवतात.

सर्वांत लांब सावली २२ डिसेंबरच्या सुमारास पडते. त्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो, म्हणजे वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी असते. आणि सकाळी नऊ-सव्वानऊच्या सुमारास तीच सावली उंचीच्या जवळपास दुप्पट होते. (आपल्या जिल्ह्यात त्या दिवसांतील खरा माध्यान्ह घड्याळातील बाराला नसून सव्वाबाराच्या आसपास असतो, हेही मुलांनी काठी रोवून पाहावे.) एक मीटर उंचीच्या कठड्याची सावली किती दूर जाईल, हे आता सातवीतील मुलासही सांगता येईल. दक्षिणेकडील शेजाऱ्याने उद्या मजला चढविला, तर काय होईल, याचाही विचार आजच करावा. कडुनिंब तोडून पॅनेल बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या झाडाने घर जितके थंड ठेवले आहे, तितके थंड करण्यास पुन्हा कूलर लागेल.

तीन प्रकार आणि एक गैरसमज

घाटंजीच्या त्या घरात काय झाले, याकडे आता वळू. सौर यंत्रणा तीन प्रकारच्या असतात. पहिली महावितरणच्या वाहिनीशी जोडलेली; तिला ऑनग्रिड म्हणतात. तिच्यात बॅटरी नसते. दिवसा तयार झालेली वीज घर वापरते, उरलेली वाहिनीत जाते, रात्री घर वाहिनीतून वीज घेते. दुसरी स्वतंत्र, म्हणजे ऑफग्रिड. तिच्यात बॅटरी असते आणि वाहिनीशी संबंध नसतो. तिसरी दोहोंचा संयोग असलेली, हायब्रिड.

ऑनग्रिड यंत्रणा वाहिनीतील वीज गेली की स्वतःहून बंद पडते. भर दुपारी, लख्ख उन्हातही बंद पडते. हा तिचा दोष नाही. वीज गेली म्हणजे कोणीतरी वायरमन खांबावर चढलेला असू शकतो. गावातील पंचवीस छतांनी त्या वेळी वाहिनीत वीज सोडली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून वाहिनी मृत होताच इन्व्हर्टरने थांबावे, असा नियमच आहे. ज्यांच्याकडे वीज क्वचित जाते आणि बिल मोठे येते, त्यांच्यासाठी हाच प्रकार सर्वांत स्वस्त आणि योग्य. परंतु ज्यांचा खरा त्रास 'बिल' नसून 'अंधार' आहे, त्यांनी तो घेऊन अंधार दूर होत नाही.

दहावीतील त्या मुलीला किती वीज हवी होती? नऊ वॅटचे दोन दिवे आणि तीस वॅटचा एक पंखा, मिळून ४८ वॅट. पाच तासांसाठी २४० वॅट-तास. म्हणजे पाव युनिटही नाही. बारा व्होल्टची, चाळीस अ‍ॅम्पिअर-अवर क्षमतेची बॅटरी ४८० वॅट-तास साठवते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून त्यातील २४० वापरता येतात. आणि शंभर वॅटचे एक पॅनेल बऱ्या उन्हात दिवसभरात ती भरून काढते. तीन किलोवॅटच्या तुलनेत ही यंत्रणा एखाद्या खेळण्यासारखी दिसते, पण त्या घराची गरज हीच होती. पुढे आमच्या त्या विद्यार्थ्याने अशीच एक लहान बॅटरी वेगळी बसविली. मुलगी त्या वर्षी उत्तीर्ण झाली; कर्जाचे हप्ते अद्याप चालू आहेत.

बॅटरीविषयी दोन शब्द. शिसे-आम्लाची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते आणि तिला डिस्टिल्ड पाणी द्यावे लागते. विहिरीचे पाणी चालत नाही. आपल्या भागातील अनेक गावांत खांबावरील सौरदिवे पाच-सात वर्षांतच विझले, त्यास कारण पॅनेल नव्हे. पॅनेल आजही वर चांगली आहेत. खालची बॅटरी मेली आणि ती बदलण्याची तरतूद कोणी केली नव्हती. लिथियम प्रकारची बॅटरी महाग, पण अधिक टिकाऊ. तिची ऐंशी-नव्वद टक्के साठवण वापरता येते. बॅटरी कोणतीही असो, ती झोपण्याच्या खोलीत आणि चुलीजवळ ठेवू नये.

मीटर, अनुदान आणि कागद

ऑनग्रिड यंत्रणेला नेट मीटर बसते. घेतलेले युनिट आणि दिलेले युनिट ते वेगवेगळे मोजते. बिल वजाबाकीचे येते. एखाद्या महिन्यात दिलेले अधिक झाले, तर ते पुढील महिन्यांत वळते होतात. आर्थिक वर्ष संपल्यावर उरलेल्यांचा मोबदला मात्र बराच कमी दराने मिळतो. म्हणून 'जास्त बसवा, वीज विकून पैसे मिळवा' या सांगण्यावर विसंबू नये. आपल्या वर्षभराच्या वापराएवढी वा किंचित कमी यंत्रणा हीच फायद्याची. स्थिर आकार द्यावाच लागतो, त्यामुळे बिल अगदी शून्य होत नाही, हेही आधीच समजून घ्यावे.

केंद्र शासनाची 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. एक कोटी घरांवर सौर यंत्रणा बसविणे हे तिचे उद्दिष्ट आहे. एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये असे अनुदान ठरले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. अनुदान यंत्रणा बसून, तपासणी होऊन, मीटर लागल्यानंतर ग्राहकाच्या बँक खात्यात येते. तोवरचा पैसा आपणच उभा करावयाचा असतो. आणि तीन किलोवॅटच्या पुढे अनुदान वाढत नाही, म्हणून 'सरकार देतेच आहे' या मोहाने पाच किलोवॅट घेण्यात अर्थ नाही. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. ग्रामपंचायतीने पुढाकार घेतला, तर संपूर्ण वस्ती सूर्यावर येऊ शकते, हे त्या लहानशा गावाने दाखविले.

परंतु आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांची घरे महिन्याला चाळीस-पन्नास युनिटही वापरीत नाहीत. आई-वडील मजुरीला जातात, घरात दोन दिवे आणि एक पंखा. त्यांना कोणी तीन किलोवॅट विकू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. अशा घरांसाठी राज्य शासनाने २०२५ साली 'स्मार्ट' नावाची योजना आणली आहे. महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असलेल्यांना व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तीत एक किलोवॅटची यंत्रणा मिळते. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकास केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे १७,५०० रुपये मिळून स्वतःचा वाटा सुमारे २,५०० रुपयांचाच उरतो. अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांसाठीही राज्याचा वाढीव वाटा आहे. योजनांचे आकडे बदलतात. अर्ज करण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात समक्ष जाऊन विचारावे. फोनवर 'तुमचे अनुदान मंजूर झाले, एवढी फी भरा' असे सांगणाऱ्यास एक रुपयाही देऊ नये आणि मोबाइलवर आलेला ओटीपी सांगू नये.

खरी अडचण अनेकदा वेगळीच निघते. घर नातवाचे, पण विजेचे मीटर अद्याप दिवंगत आजोबांच्या नावे. किंवा बिलावर नाव एक, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे. कोठे 'बौद्ध वस्ती' एवढाच पत्ता, आणि घराचा आठ-अ उतारा काकांकडे. यंत्रणेचा विचार दोन वर्षांनी करणार असाल, तरी मीटर स्वतःच्या नावे करून घेण्याचे काम या महिन्यातच करावे. त्यास ऊन लागत नाही.

टिन, वादळ आणि वारा

आपल्याकडील पुष्कळ घरे टिनाची आहेत, काही अद्याप कवेलूंची. साडेपाचशे वॅटच्या एका पॅनेलचे वजन २८ किलोच्या आसपास असते. कवेलूंचे छत ते पेलत नाही. टिनाच्या घरात पॅनेलचा सांगाडा पत्र्यावर नव्हे, तर पत्र्याखालील लोखंडी अँगलला जखडला पाहिजे. वजनापेक्षाही भय आहे ते वाऱ्याचे. मे-जूनमध्ये आपल्याकडे जे वावधन सुटते, त्यात ताशी शंभर किलोमीटर वेगाचा वारा आला, तर त्याचा दाब दर चौरस मीटरला चाळीस किलो वजनाइतका होतो. अडीच चौरस मीटरच्या एका पॅनेलवर शंभर किलोंचा जोर. सांगाडा सैल असेल, तर पॅनेल पत्र्यासकट उडते. सांगाड्याचे नट-बोल्ट गंजरोधक असावेत, आणि अर्थिंग व विजेपासून संरक्षण ही कामे 'नंतर पाहू' म्हणून ठेवू नयेत.

मग असा वारा सुटत असेल, तर पवनचक्की का लावू नये? हा प्रश्न वर्गात हटकून येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट, वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्श्यावर. दोन मीटर व्यासाची पाती असलेली घरगुती पवनचक्की सेकंदाला सहा मीटर वेगाच्या वाऱ्यात सुमारे नव्वद वॅट देईल. तीन मीटरच्या वाऱ्यात केवळ अकरा-बारा वॅट, म्हणजे एका एलईडी दिव्यापुरती. बहुतेक पवनचक्क्या याहून मंद वाऱ्यात फिरतच नाहीत. साताऱ्याजवळील वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल येथे ज्या उंच पवनचक्क्या दिसतात, त्या सह्याद्रीच्या माथ्यावरून सतत वाहणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर उभ्या आहेत. आपल्या जिल्ह्यात वारा मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात असतो. हिवाळ्यातील कित्येक दिवस पान हलत नाही. वादळाचा वारा तर पवनचक्कीच्या कामाचाच नव्हे. त्या वेळी तिला थांबवून वाचवावे लागते. शिवाय घरे आणि झाडे यांच्यामुळे वारा गिरक्या घेतो. त्या टाळण्यास आसपासच्या सर्वांत उंच वस्तूपेक्षाही बराच उंच खांब लागतो. त्या खांबाच्या खर्चात आणखी एक-दोन पॅनेल येतात.

म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील घरासाठी पवनचक्की विकत घेऊ नये, असा आमचा सल्ला आहे. शाळेत मात्र ती अवश्य करावी. जुन्या सायकलचा डायनामो आणि फाडलेल्या पीव्हीसी पाइपाची पाती यांतून मुलांनी केलेली चक्की एक लहान दिवा लावते, आणि घनाचा नियम फळ्यावरून जितका कळत नाही तितका तिच्याकडे पाहून कळतो. ज्यांचे शेत उघड्या टेकडीवर आहे आणि ज्यांना खरोखरच उत्सुकता आहे, त्यांनी चार वाट्यांचा वेगमापक खांबावर लावून वर्षभर नोंदी घ्याव्यात, मग ठरवावे.

निगा

पॅनेलला फारशी निगा लागत नाही असे सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत आणि पुढे तुरीच्या हंगामात जो भुसा-धुरळा उडतो, तो काचेवर जाड बसतो. दर पंधरा दिवसांनी पॅनेल धुवावीत. भल्या पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, कारण तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकल्यास ती तडकू शकते. घासणीचा वापर करू नये. आपल्याकडील बोअरचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते. ते वाळले की काचेवर पांढरे डाग उरतात. आमच्या वसतिगृहाच्या छतावरील पाणी तापविण्याचे सौरयंत्र याच क्षारांनी आतून चोंदून गेले होते. पाणी कोमट येते म्हणून मुले तक्रार करीत आणि आम्ही ढगांना दोष देत असू. नळ्या उघडल्या तेव्हा आत चुन्यासारखा थर निघाला. आता पॅनेलसाठी आम्ही पावसाचे साठविलेले पाणी वापरण्याचे ठरविले आहे.

वसतिगृहावर पॅनेल बसविण्याचा विचार विद्यालयाने सुरू केला आहे, आणि त्याचे पहिले काम इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांकडे दिले आहे. बारा महिन्यांच्या बिलांची नोंद त्यांनी पूर्ण केली. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी नऊ, दुपारी सव्वाबारा आणि तीन वाजता छतावर खडूने सावल्यांच्या कडा आखावयाच्या आहेत. दक्षिणेच्या बाजूला पाण्याची टाकी आहे. चौथऱ्यासह तिची उंची अडीच मीटर भरते. गणिताप्रमाणे सकाळी तिची सावली पावणेपाच मीटरपर्यंत जाईल. मुलांचे म्हणणे, टाकीच उत्तरेच्या कोपऱ्यात हलवावी. नळजोडणीचे काम पाहणाऱ्यांचे म्हणणे, टाकी हलविण्याचा खर्च दोन पॅनेलच्या किमतीहून अधिक होईल. खडूच्या रेषा उमटल्यावर याचा निर्णय होईल.